उतरल्या किमतीची गाडी, पूर्ण किमतीचे सुटे भाग

साठ लाखांना शोरूममधून बाहेर पडलेली जर्मन सेडान सहा-सात वर्षांनी वीस लाखांच्या आसपास येते, तेव्हा घेणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: नव्या क्रेटाच्या पैशात बीएमडब्ल्यू. हिशेब चुकीचा नाही, अर्ध्यावर थांबलेला आहे. गाडीची किंमत उतरली. तिच्या गिअरबॉक्सची, हेडलाइटची, इंजेक्टरची उतरली नाही. तुम्ही गाडी कितीला घेतली याच्याशी सुट्या भागांच्या काउंटरला काही देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी ती अजून साठ लाखांचीच गाडी आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटी विकली जाते ती नेमकी याच फटीत. टोकन देऊन झालेलं असतं, कर्जाचे कागद टेबलावर पसरलेले असतात आणि समोरचा माणूस म्हणतो, "एवढी मोठी गाडी घेताय साहेब, नव्वद हजारांकडे काय बघता!" त्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर कधीच बरोबर येत नाही. ते काढायचं टोकन देण्याआधी, एकदा गाडीखाली वाकून आणि एकदा करार शेवटच्या पानापासून उलटा वाचून.

आधी वचन कोण देतंय ते बघा. "वॉरंटी" या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू फिरतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीने मूळ वॉरंटीला जोडून दिलेली मुदतवाढ ही पहिली. कंपनीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनातून घेतलेल्या, तपासून प्रमाणित केलेल्या गाडीसोबत येणारी ही दुसरी. आणि बहुब्रँड डीलर किंवा ऑनलाइन विक्रेता देतो ती तिसरी. तिच्यामागे कधी विमा कंपनी असते, कधी वॉरंटी चालवणारी वेगळी संस्था, तर कधी फक्त त्या डीलरचं लेटरहेड. तिसऱ्या प्रकारात पहिला प्रश्न एकच: हे दुकान उद्या बंद झालं तर पैसे कोण देणार? उत्तर करारात नावानिशी नसेल तर पुढची पानं वाचण्यात वेळ घालवू नका.

कंपनीच्या मुदतवाढीचं एक गणित मात्र मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगं आहे. ती बहुधा आधीची वॉरंटी संपण्यापूर्वीच घ्यावी लागते. एकदा खंड पडला की एकतर मिळत नाही, नाहीतर तपासणी करून चढ्या दराने मिळते. शिवाय ती माणसाला नाही, चासी नंबरला चिकटलेली असते. म्हणून तीन-चार वर्षांची, वॉरंटीत काही महिने शिल्लक असलेली गाडी घेत असाल तर सौद्यातच घाला: मुदतवाढ विकणाऱ्याने भरायची, मग व्यवहार. आणि खात्री करायची ती विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफवरून नव्हे, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन. तिथे तारीख, किलोमीटरची मर्यादा आणि आजवरच्या सर्व्हिसच्या नोंदी, तिन्ही एकदम दिसतात. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर झाली की नव्या मालकाचं नाव तिथेही नोंदवून घ्यावं. हे राहून जातं आणि पहिल्या क्लेमच्या वेळी आठवतं.

आता गाडीकडे. कोणती गाडी कुठे दुखते, हे जाणकार गॅरेजवाल्यांना तोंडपाठ असतं आणि वॉरंटीचा करार लिहिणाऱ्यांनाही. घेणाराच तेवढा अंधारात असतो.

बीएमडब्ल्यू ३२०डी घ्या. आपल्याकडे २०१५ च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांत एन४७ हे डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी साखळी, पुढे नाही, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचे मार्गदर्शक पट्टे झिजले, चेन सैल झाली की थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर ऐकू येते. चेन स्वतः फार महाग वस्तू नाही. पण तिथपर्यंत पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे बिलाचा मोठा वाटा मजुरीचा. आणि दुर्लक्ष केलं, चेन तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग प्रश्न चेनचा राहत नाही, अख्ख्या इंजिनाचा होतो.

स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये दुखणं वेगळं. ऑक्टाव्हिया किंवा जुन्या सुपर्बच्या १.८ टीएसआय पेट्रोलमध्ये डीक्यू२०० हा सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. कोरडा क्लच म्हणजे त्याला थंड ठेवायला तेलाची अंघोळ नाही. पुण्यात विद्यापीठ चौकात किंवा मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी सात वाजता गाडी पावलापावलाने सरकते तेव्हा हा क्लच सतत अर्धवट घसरत असतो, तापतो, झिजतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर ही त्याची तक्रार. दुसरा त्रास मेकॅट्रॉनिकचा: गिअर बदलणारा मेंदू आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह एकाच पेटीत बसवलेला हा भाग. त्यातल्या दाब साठवणाऱ्या टाकीभोवतीचं ॲल्युमिनियमचं घर तडकलं की दाब जातो आणि गाडी चालता चालता ओढच सोडते. सुपर्बच्या जुन्या २.० टीडीआय डिझेलमधला डीक्यू२५० हा ओल्या क्लचचा आहे. तो बराच काटक, पण त्याचं तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरना बदलावंच लागतं. नाव एकच, "डीएसजी", पण धोका निराळा आणि म्हणून वॉरंटीची किंमतही निराळी असायला हवी. विकणारा मात्र दोन्हींना एकच दर सांगतो.

मर्सिडीज एस-क्लास, जीएलएस, ऑडी क्यू७ यांचं दुखणं हवेचं. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबरी फुग्यांवर उभ्या असलेल्या या गाड्या. सहा-आठ वर्षांत रबराला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात आणि हवा झिरपते. ती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर धावतो आणि शेवटी तोही जळतो. इथेच क्लेमचा पहिला घोळ होतो: फुगा "रबरी, झिजणारा भाग" म्हणून वॉरंटीबाहेर, आणि कंप्रेसर आत असला तरी "वॉरंटीबाहेरच्या भागामुळे झालेलं नुकसान" म्हणून तोही बाहेर. याची परीक्षा फुकट आहे. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, सकाळी गाडी सुरू न करता पुन्हा मोजा. एखादा कोपरा इतरांपेक्षा ठळक खाली बसला असेल तर फुगा, व्हॉल्व्ह किंवा नळी, काहीतरी गळतंय. विकणारा रात्रभर थांबू देत नसेल तर तेही एक उत्तरच.

ऑडी-स्कोडाच्या टर्बो पेट्रोलमध्ये वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे. उष्णतेने ते किंचित वाकतं आणि कूलंट पाझरतं; जागेवर गुलाबीसर पांढरा थर साचलेला टॉर्च लावला की दिसतो. बीएस६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या, यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), अॅडब्लू (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रव) आणि ते ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर ही नवी मंडळी आली. डीपीएफमध्ये साचलेली काजळी जाळायला गाडी मधूनमधून सलग वीसएक मिनिटं वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ती कधीच पूर्ण जळत नाही. मग जळण्यासाठी जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसतं. तेल कमी झालेलं सगळे बघतात, वाढलेलं कोणी बघत नाही. डीपीएफ तुंबला तर बहुतेक करार त्याला वापराचा दोष म्हणतात आणि खरं सांगायचं तर ते चूकही नाही.

या सगळ्यावर एक तपासणी उतारा आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये, त्या ब्रँडचं निदानयंत्र असलेल्या माणसाकडून, फक्त इंजिनाचा नाही, सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीचा स्कॅन. काही हजारांचा खर्च आहे. स्कॅनमध्ये एकही दोष नाही म्हणून हुरळू नका. "रेडिनेस", म्हणजे गाडी चालताना स्वतःच घेते त्या चाचण्या, अपूर्ण दिसत असतील तर आदल्या दिवशीच दोषांचे कोड पुसलेले असण्याची दाट शक्यता. गाडी किती किलोमीटर चालली, याची नोंद एकापेक्षा जास्त मॉड्यूलमध्ये साठते. डॅशबोर्डवरचा आकडा आणि आतले आकडे जुळतात का, ते बघायला सांगा. ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे रिमॅपिंग करून, पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते किती वेळा बदललं याची मोजणी बऱ्याच गाड्यांत राहते. ओडोमीटर मागे फिरवणं आणि रिमॅप, यांपैकी काहीही मागच्या मालकाने केलं असलं तरी क्लेम तुमचा फेटाळला जातो. इंजिन थंडच बघायचं. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर उद्या या म्हणून सांगितलेलं बरं.

आता करार. वॉरंटी दोन ढंगांनी लिहिली जाते. एकीत "खालील भागांना संरक्षण" अशी यादी असते, म्हणजे यादीत नाही ते काहीच नाही. दुसरीत "खालील भाग सोडून सर्व". दुसरी नेहमी वरचढ. पहिलीत "गिअरबॉक्स" असा मोठा शब्द पाहून खूश होऊ नका; पुढे कंसात "अंतर्गत वंगणयुक्त यांत्रिक भाग" असं असेल तर मेकॅट्रॉनिक हा इलेक्ट्रॉनिक भाग ठरून बाहेर जातो आणि कोरडा क्लच घर्षणाचा म्हणून बाहेर. डीक्यू२०० मध्ये मोडतात ते हेच दोन. उरतात ते गिअरचे दाते, जे सहसा मोडत नाहीत.

"अचानक यांत्रिक बिघाड" हा शब्दप्रयोग दिसला की थांबा. चेन हळूहळू सैल होते, फुगा हळूहळू तडकतो, कूलंट हळूहळू पाझरतं. मोठ्या गाड्यांत अचानक असं फार थोडं होतं. झीज कशाला म्हणायचं, हे करारात सांगितलेलं नसेल तर ते क्लेम तपासणारा ठरवणार. एका क्लेमची आणि एकूण क्लेमची कमाल रक्कम बघा. किलोमीटरनुसार भागांच्या किमतीतून कपात आहे का बघा. काही करारांत लाखभर किलोमीटरनंतर भागाची निम्मी-शिम्मी किंमतही मिळत नाही. तेल, फिल्टर, कूलंट, गॅस्केट, एकदाच वापरायचे बोल्ट हे "उपभोग्य" म्हणून तुमच्या खिशातून. आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम: उघडून बघण्याची मजुरी. गिअरबॉक्स खोलल्याशिवाय दोष कळत नाही, आणि खोलल्यावर क्लेम नाकारला तर खोलण्या-बसवण्याचे पैसे तुमचे. मंजुरी येण्याआधी स्पॅनर लावला तर क्लेम तिथेच संपतो, म्हणून गाडी आठवडाभर वर्कशॉपमध्ये पडून राहणं हे गृहीतच धरा.

सर्व्हिसची अट आणखी चिवट. बारा महिने किंवा ठराविक किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि त्यात थोडीफार सवलत. दोन महिने उशीर झाला म्हणून चौदा महिन्यांनी सर्व्हिस केलेल्या गाडीचा इंजिनाचा क्लेम फेटाळता येतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल तर मजेशीर पेच आहे. बीएमडब्ल्यूतला आठ गतींचा गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा. गाडीच्या कागदावर त्याचं तेल "आयुष्यभराचं". पण स्वतः झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या तेलपात्रातच बसवलेला असल्यामुळे पूर्ण पात्रच बदलावं लागतं. आयुष्य म्हणजे वॉरंटीचं आयुष्य, असा याचा अर्थ घ्यायचा. हा खर्च वॉरंटी घ्या न घ्या, तुमचाच आहे आणि तो केलेला बरा.

एवढं झाल्यावर पाटीवर आकडे मांडता येतात. समजा एक वर्षाची तिसऱ्या प्रकारातली वॉरंटी ९०,००० रुपयांना आहे. १८ टक्के जीएसटी धरून १,०६,२००. भीती आहे ती मेकॅट्रॉनिकसारख्या एका मोठ्या बिलाची, अधिकृत ठिकाणी समजा ३ लाख. त्यातले उपभोग्य वस्तू आणि कपातीचे ६०,००० तुमचे, म्हणजे क्लेम पास झाला तर हाती पडणार २,४०,०००. १,०६,२०० भागिले २,४०,०००: साधारण ४४ टक्के. अशा शंभर गाड्यांतल्या चव्वेचाळीस गाड्यांत वर्षाच्या आत नेमका तोच बिघाड होत असेल आणि प्रत्येक क्लेम पास होत असेल, तर तुमचे पैसे फिटतात. एवढी मोडकी गाडी असेल तर ती घ्यायचीच कशाला?

पण खरी मेख पुढे आहे. पुणे-मुंबईत आता मेकॅट्रॉनिक उघडून दुरुस्त करणारे स्वतंत्र कारागीर आहेत, आणि जुना भाग हवा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत बाजार आहेत. हेच काम तिथे दीड लाखात होत असेल, तर वॉरंटी घेणाऱ्याचा एकूण खर्च १,०६,२०० अधिक ६०,०००, म्हणजे १,६६,२००; न घेणाऱ्याचा १,५०,०००. बिघाड शंभर टक्के होणार हे आधीच माहीत असूनही वॉरंटी महागच पडली. तुलना अधिकृत एस्टिमेटशी करायची नसते; वॉरंटी नसती तर तुम्ही प्रत्यक्षात जिथे गाडी नेली असती, तिथल्या बिलाशी करायची. वॉरंटी विकणारा नेहमी पहिला आकडा दाखवतो.

म्हणून सात-आठ वर्षांच्या, गॅरेजवाल्यांच्या ओळखीच्या गाडीवर बाहेरची वॉरंटी घेण्यापेक्षा दरमहा आठ-नऊ हजारांचं आवर्ती खातं उघडलेलं चांगलं. भिशी समजा, फक्त नंबर नेहमी तुमचाच लागणार. काही मोडलं नाही तर पैसे घरातच. पण पहिल्या तीन महिन्यांतच मोठं बिल आलं तर भिशी रिकामी असते. ज्याच्याकडे गाडी घेतल्यानंतर दोन-तीन लाख बाजूला उरत नाहीत, त्याने भिशीचा मोह धरू नये. त्याने मुळात एक पायरी खालची गाडी बघावी, असं माझं स्पष्ट मत. हप्ता भरताना दम लागणाऱ्याला वॉरंटी वाचवत नाही, कारण टायर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी यांतलं काहीच तिच्यात नसतं आणि मोठ्या गाडीचा रोजचा खर्च तोच असतो.

वॉरंटी डोळे मिटून घ्यावी अशाही गाड्या आहेत. जिथे स्वतंत्र कारागिराचा हातच पोचत नाही, तिथे. प्लग-इन हायब्रिड व्होल्वोची उच्च व्होल्टेजची बॅटरी. मॅट्रिक्स एलईडी हेडलाइट, जो एक पूर्ण तुकडा म्हणूनच बदलतात. ऑडीतली मॉड्यूल, जी चोरीला आळा म्हणून गाडीशी कुलूपबंद असतात आणि दुसऱ्या गाडीतलं मॉड्यूल बसवलं तर कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय नीट चालत नाहीत. अशा तीन-चार वर्षांच्या गाडीवर कंपनीची, "सोडून सर्व" ढंगाची मुदतवाढ मिळत असेल तर दर थोडा टोचला तरी घ्यावी. विकताना त्यातले काही पैसे परतही येतात. पुढच्या गिऱ्हाइकाला चासी नंबरवर उरलेली वॉरंटी दिसते आणि तो कमी घासाघीस करतो. बाहेरच्या वॉरंटीला ही पत नसते.

पावसाचं मात्र वेगळं. महाड-चिपळूणसारखा पूर असो की मुंबईतला तुंबलेला सबवे, पाण्यातून नेलेल्या गाडीचं इंजिन कुठलीही वॉरंटी दुरुस्त करत नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी मोटार विम्यावर इंजिन संरक्षणाचं जोडकलम घ्यावं लागतं, आणि त्यातही बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करायची नसते. सनरूफचं पाणी त्याहून कपटी. सनरूफच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्या सोसायटीतल्या गुलमोहराच्या बारीक पानांनी तुंबतात, पाणी छताच्या अस्तरामागून उतरून गालिच्याखाली साचतं, आणि तिथेच बऱ्याच गाड्यांची वायरिंग आणि मॉड्यूल असतात. करारात याला "बाहेरून शिरलेलं पाणी" म्हणतात, म्हणजे नकार. मे महिन्याच्या शेवटी त्या नळ्या साफ करून घ्या आणि ग्लासभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतंय का ते बघा.

वॉरंटी घेतलीच असेल तर ती वापरायचीही एक रीत आहे. आवाज, गळती, धक्का, काहीही असो, तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. "थंड असताना पहिल्या दहा सेकंदांत मागून खरखर" असं नेमकं. "जनरल चेकअप" असं लिहिलेल्या कार्डाची किंमत शून्य. नकार आला तर तो लेखी, कलम क्रमांकासह मागा. करारात नसलेलं कारण तोंडी सहज सांगता येतं, कागदावर तितकं सहज उतरत नाही. वाद वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण आयोगासमोरही कागदच बोलतात.

मुदत संपण्याआधी महिनाभर गाडी पुन्हा एकदा त्याच स्वतंत्र गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवा, पूर्ण स्कॅन करा. जे सापडेल ते घेऊन अधिकृत सेंटरला जा आणि शेवटच्या तारखेच्या आत जॉब कार्ड उघडून घ्या, भाग यायला पुढे दोन महिने लागले तरी.